डेव्हिड मार

डेव्हिड कोर्टनी मार (जन्म : वुडफर्ड, इंग्लंड, १९ जानेवारी १९४५, मृत्यू : केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, अमेरिका, १७ नोव्हेंबर १९८०) हे ब्रिटिश चेतावैज्ञानिक होते. गणित, शरीरक्रियाविज्ञान, मानसशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या शाखांची सांगड घालून त्यांनी मेंदूच्या कार्याची गणिती व संगणकीय प्रतिमाने रचली. अनुमस्तिष्क, हिप्पोकॅम्पस आणि दृष्टी या तीन विषयांवरील त्यांचे संशोधन विशेष महत्त्वाचे मानले जाते. माहितीवर प्रक्रिया करणारी कोणतीही व्यवस्था समजून घेण्यासाठी तिचा विचार तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर करावा लागतो, हे त्यांचे प्रतिपादन बोधात्मक चेताविज्ञानाच्या अभ्यासकांना आजही आरंभीच शिकवले जाते. जेमतेम ३५ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी एका क्षेत्राची अभ्यासपद्धती घडवली आणि ती पुढे नेणारी विद्यार्थ्यांची पिढीही तयार केली. त्यांचा प्रमुख ग्रंथ 'व्हिजन' त्यांच्या मृत्यूनंतर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिक्षण

मार यांचे शालेय शिक्षण रग्बी स्कूल या प्रसिद्ध निवासी शाळेत झाले. १९६३ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९६६ मध्ये गणिताची पदवी संपादन केली. गणितात उत्तम यश मिळवलेल्या विद्यार्थ्याने त्याच विषयात पुढील संशोधन करावे, अशी तेथील रीत होती. मार यांचे कुतूहल मात्र मेंदूकडे वळले होते. मेंदूसंबंधी केवळ तत्त्वचिंतन न करता त्याची रचना आणि कार्य मुळापासून शिकायचे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी शरीरक्रियाविज्ञान आणि जीवरसायनविज्ञान यांसारख्या विषयांचा अभ्यास त्यांना नव्याने करावा लागला.

शरीरक्रियावैज्ञानिक जाइल्स ब्रिंडली हे त्यांचे मार्गदर्शक होते. दृष्टीविषयक संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिंडली यांना चेतापेशींच्या जाळ्यांच्या गणिती प्रतिमानांतही रस होता. प्रतिमान म्हणजे एखाद्या प्रक्रियेचे इतके काटेकोर वर्णन, की त्यावरून आकडेमोड करता यावी आणि त्यातून निघणारी भाकिते प्रयोगाने पडताळता यावीत. ब्रिंडली यांच्या मार्गदर्शनाखाली मार यांनी पीएच.डी. मिळवली. ट्रिनिटी महाविद्यालयाची संशोधन-फेलोशिपही त्यांना मिळाली.

मेंदूविषयीचे तीन सिद्धान्त

१९६९ ते १९७१ या काळात मार यांनी तीन दीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध केले. पहिला अनुमस्तिष्काच्या बाह्यकावर, दुसरा प्रमस्तिष्काच्या नवबाह्यकावर आणि तिसरा हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागावर होता. पहिला निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय २४ वर्षांचे होते.

अनुमस्तिष्क हा मेंदूच्या मागील बाजूस असलेला भाग शरीराच्या हालचाली सफाईने आणि तोल सांभाळून होण्यासाठी आवश्यक असतो. जॉन एकल्स, मासाओ इतो आणि यानोश सेंतागोताई यांनी १९६७ मध्ये एका ग्रंथात या भागातील पेशींची जोडणी तपशीलवार मांडली होती. जोडणीचा नकाशा हाती आला होता, परंतु अशाच जोडणीने नेमके काय साधते, हा प्रश्न शिल्लक होता. तेथील प्रत्येक पुर्किन्ये पेशीला दोन प्रकारचे संदेश मिळतात. एका बाजूने सुमारे दोन लाख समांतर तंतू तिला स्पर्श करतात, तर दुसऱ्या बाजूने एकच आरोही तंतू तिला वेढून बसलेला असतो. एवढ्या विषम व्यवस्थेला काही प्रयोजन असले पाहिजे, असे मार यांनी गृहीत धरले.

त्यांच्या मते समांतर तंतू शरीराच्या त्या क्षणीच्या स्थितीची वार्ता आणतात आणि आरोही तंतू शिक्षकाचे काम करतो. एखादी हालचाल नव्याने शिकताना मेंदूचा वरचा भाग जाणीवपूर्वक आज्ञा देतो. त्याच वेळी आरोही तंतूमार्फत पुर्किन्ये पेशीला खूण मिळते आणि त्या क्षणी सक्रिय असलेल्या समांतर तंतूंची संपर्कस्थाने बदलतात. पुरेशा सरावानंतर तीच परिस्थिती पुन्हा उद्भवली, की शिक्षकाच्या खुणेवाचून पेशी योग्य प्रतिसाद देते. सायकल शिकणाऱ्याला आरंभी प्रत्येक कृतीचे भान ठेवावे लागते आणि पुढे ती आपोआप होते, तसाच हा प्रकार आहे. एक पुर्किन्ये पेशी किमान २०० वेगवेगळ्या परिस्थिती लक्षात ठेवू शकते, असा हिशेबही त्यांनी मांडला. असंख्य कणिका पेशींचे कार्यही त्यांनी सुचवले : एकमेकींसारख्या दिसणाऱ्या परिस्थितींचे संदेश अधिक वेगळे करायचे, म्हणजे त्यांची गल्लत होत नाही.

हा सिद्धान्त प्रयोगाने तपासता येण्याजोगा होता. संपर्कस्थाने बळकट होतात, असे मार यांनी मानले होते. अमेरिकी अभियंते जेम्स अल्बस यांनी १९७१ मध्ये अशाच धाटणीचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला. त्यात मात्र ती दुर्बल होतात, असे म्हटले होते. इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन्ही तंतू एकत्र उद्दीपित केल्यावर समांतर तंतूंची संपर्कस्थाने दुर्बल होताना आढळली. बदलाच्या दिशेबाबत मार यांचा अंदाज चुकला होता, तरी तेथे शिकण्यातून बदल घडतो हे मूळ सूत्र टिकले. हा सिद्धान्त आता मार-अल्बस किंवा मार-अल्बस-इतो या नावाने ओळखला जातो.

हिप्पोकॅम्पसवरील निबंधात त्यांनी स्मृतीचा विचार केला. एखाद्या प्रसंगाचा अल्पसा अंश समोर आला, तरी संपूर्ण प्रसंग आठवतो. पेशींचे तंतू परत फिरून त्याच समूहातील इतर पेशींना जोडलेले असतील, तर अपुऱ्या खुणेवरून मूळ आकृती पूर्ण होऊ शकते, असे त्यांनी गणिताने दाखवले. प्रसंग आधी हिप्पोकॅम्पसमध्ये तात्पुरते साठतात आणि नंतर नवबाह्यकात त्यांची व्यवस्था लागते, ही कल्पनाही त्यात होती. स्मृतिसंशोधनात या दोन्ही कल्पनांचा पुढे मोठा विस्तार झाला.

दिशाबदल

या यशानंतर मार केंब्रिज येथील रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत सिडनी ब्रेनर आणि फ्रान्सिस क्रिक यांच्या सान्निध्यात काम करू लागले. याच काळात त्यांच्या मनात स्वतःच्या कामाविषयी असमाधान निर्माण झाले. आपले निबंध चुकीचे आहेत, असे त्यांना वाटत नव्हते. पेशींचे जाळे काय लक्षात ठेवू शकते, हे त्यांनी दाखवले होते. परंतु अनुमस्तिष्काचा सिद्धान्त पूर्ण खरा ठरला, तरी हात उचलून पेला धरण्यासाठी नेमके कोणते हिशेब करावे लागतात, हे त्यावरून कळत नव्हते. यंत्राचे सुटे भाग ठाऊक होते. यंत्र कोणते काम करते, हे ठाऊक नव्हते. त्यामुळे चेताशरीरक्रियाविज्ञानातील सैद्धान्तिक निबंधांचे लेखन दीर्घकाळासाठी थांबवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. ज्या क्षेत्रात त्यांचे नाव झाले होते, तेच त्यांनी बाजूला ठेवले.

मे १९७२ मध्ये बॉस्टन येथे भरलेल्या एका कार्यशाळेत त्यांची मार्व्हिन मिन्स्की आणि सेमूर पेपर्ट यांच्याशी भेट झाली. हे दोघे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी येथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेचे धुरीण होते. १९७३ मध्ये मार तेथे थोड्या मुदतीसाठी गेले आणि तेथेच स्थिरावले. संगणकाला दृष्टी देण्याचे प्रयत्न तेथे चालू होते. याच संस्थेत १९६६ मध्ये हे काम विद्यार्थ्यांकडून एका उन्हाळ्यात बरेचसे पुढे नेण्याची योजना आखली गेली होती. प्रत्यक्षात काम हाती घेतल्यावर पाहणे किती अवघड आहे, हे ध्यानात आले. माणसाला डोळे उघडताच जग दिसते, म्हणून दृष्टीचा प्रश्न सोपा वाटतो. तोच संगणकाकडून सोडवून घ्यायचा म्हटले, की त्यात दडलेली प्रत्येक पायरी उघडी करावी लागते. मार यांना हवी असलेली शिस्त त्यांना येथे सापडली.

तीन पातळ्या

टोमासो पोज्जो हे जर्मनीतील ट्युबिंगन येथे माशीच्या दृष्टीवर संशोधन करणारे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या सहकार्याने मार यांनी आपल्या अभ्यासपद्धतीला निश्चित रूप दिले. तिच्यानुसार कोणत्याही माहितीप्रक्रियेचा विचार तीन पातळ्यांवर करायचा असतो.

पहिली पातळी संगणनाच्या सिद्धान्ताची आहे. व्यवस्था कोणता प्रश्न सोडवते, तो का सोडवावा लागतो आणि बाह्य जगातील कोणत्या नियमांमुळे त्याचे उत्तर शक्य होते, याचा विचार येथे होतो. दुसरी पातळी निरूपण आणि रीतीची आहे. माहिती कोणत्या रूपात मांडली आहे आणि तिच्यावर कोणत्या पायऱ्यांनी क्रिया होते, हे तेथे पाहिले जाते. तिसरी पातळी प्रत्यक्ष रचनेची, म्हणजे चेतापेशी किंवा विद्युत्-मंडल यांची आहे.

बेरजेचे उदाहरण घेता येईल. तीच बेरीज पाटीवर, मणिचौकटीवर किंवा कॅल्क्युलेटरवर करता येते. साधने वेगळी, पायऱ्याही वेगळ्या. परंतु बेरजेचे नियम तेच राहतात. केवळ मण्यांचे लाकूड तपासून बेरीज म्हणजे काय, हे कधीही कळणार नाही. मार यांनी स्वतः यासाठी पक्ष्याच्या उड्डाणाचा दाखला दिला होता. पिसांचा कितीही बारकाईने अभ्यास केला, तरी त्यातून उड्डाणाचा उलगडा होत नाही. त्यासाठी वायुगतिकी समजून घ्यावी लागते आणि मग पिसांच्या आकाराचा अर्थही लागतो.

या पद्धतीचा रोख दोन्ही बाजूंना होता. एकेका चेतापेशीच्या नोंदी जमवल्याने मेंदू समजेल, हा शरीरक्रियावैज्ञानिकांचा भरवसा मार यांना अपुरा वाटला. कार्यक्रम चालला म्हणजे प्रश्न समजला, हा संगणकतज्ज्ञांचा समजही त्यांनी अमान्य केला. १९७७ मधील एका निबंधात त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेतील संशोधनाची याच दृष्टीने परखड चिकित्सा केली.

दृष्टीविषयक संशोधन

मार यांच्या मते पाहणे म्हणजे डोळ्यावर पडणाऱ्या प्रतिमेवरून बाहेर काय आणि कुठे आहे याचे उपयुक्त वर्णन तयार करणे होय. हे वर्णन टप्प्याटप्प्याने बनते. प्रकाशाच्या तीव्रतेतील बदलांवरून प्रथम कडा, रेषा आणि ठिपके यांचे प्राथमिक रेखाटन तयार होते. त्यातून पाहणाऱ्याच्या जागेवरून दिसणाऱ्या पृष्ठभागांचे अंतर व कल नोंदवणारे रेखाटन बनते. त्यात वस्तूची मागील बाजू नसते, म्हणून मार यांनी त्याला अडीच मितींचे म्हटले. शेवटी वस्तूचे, पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून नसलेले, त्रिमितीय प्रतिमान सिद्ध होते.

या अखेरच्या टप्प्यामागे रुग्णांच्या निरीक्षणाचाही आधार होता. ब्रिटिश चेतामानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ वॉरिंग्टन यांचे व्याख्यान मार यांनी १९७३ मध्ये ऐकले. मेंदूच्या उजव्या पार्श्वखंडाला इजा झालेले काही रुग्ण बादलीसारखी वस्तू नेहमीच्या बाजूने दाखवली तर ओळखत, परंतु वरून दाखवली तर ओळखू शकत नसत. डाव्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना वस्तूचे नाव वा उपयोग सांगता येत नसे, तरी तिचा आकार त्यांना नीट कळत असे. वस्तूचा आकार आणि तिचा अर्थ मेंदूत स्वतंत्रपणे हाताळले जातात, असा निष्कर्ष मार यांनी यातून काढला.

दोन डोळ्यांच्या प्रतिमांतील सूक्ष्म फरकावरून खोली कशी कळते, याचे प्रतिमान मार आणि पोज्जो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. डाव्या प्रतिमेतील कोणता ठिपका उजवीकडील कोणत्या ठिपक्याशी जुळवायचा, हा त्यातील मुख्य प्रश्न होता. बेला युलेश यांच्या यादृच्छिक ठिपक्यांच्या चित्रांत ओळखीचा कोणताही आकार नसतो, तरी दोन डोळ्यांनी पाहताच खोली जाणवते. मार आणि पोज्जो यांनी जगाविषयीच्या दोन साध्या गोष्टींचा आधार घेतला : एक बिंदू एका वेळी एकाच ठिकाणी असतो आणि वस्तूंचे पृष्ठभाग बहुतांशी सलग असतात. एवढ्या दोन नियमांवर संगणकाला त्या चित्रांतील योग्य जुळणी शोधता आली. १९७९ मध्ये त्यांनी मानवी दृष्टीशी अधिक सुसंगत असा दुसरा सिद्धान्त मांडला. एलन हिल्ड्रेथ यांच्यासह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कडा शोधण्याच्या सिद्धान्ताने दृष्टिपटलातील पेशींच्या ज्ञात गुणधर्मांना गणिती अर्थ दिला. प्रतिमा-प्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत ही रीत मार-हिल्ड्रेथ या नावाने शिकवली जाते.

शिष्यवर्ग

१९७७ मध्ये मार यांची एमआयटीच्या मानसशास्त्र विभागात नियुक्ती झाली. शिमॉन उलमन, एरिक ग्रिमसन, एलन हिल्ड्रेथ, कीथ निशिहारा आणि केंट स्टीव्हन्स हे त्यांच्याभोवती जमलेल्या तरुण संशोधकांपैकी होत. दृष्टीच्या मोठ्या प्रश्नाचे तुकडे करून ते या मंडळींनी वाटून घेतले. उलमन यांनी हालचालीवरून आकार कसा कळतो याचा, ग्रिमसन यांनी दोन डोळ्यांच्या दृष्टीचा व पृष्ठभागांच्या पुनर्रचनेचा, तर निशिहारा यांनी आकार ओळखण्याचा अभ्यास केला.

या गटातील संशोधनाचे शिक्षण एका ठरावीक क्रमाने चाले. आधी प्रश्न नेमका मांडायचा, त्याचे उत्तर शक्य करणारे नियम शोधायचे, ते गणिताने तपासायचे, संगणकावर चालवून पाहायचे आणि अखेर माणसांवरील व प्राण्यांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांशी ताडून पाहायचे. यांपैकी कोणतीही पायरी गाळता येत नसे. गणित जाणणाऱ्याने शरीरक्रियाविज्ञान शिकावे आणि जीवशास्त्रज्ञाने संगणकाचा कार्यक्रम लिहावा, ही अपेक्षा मार यांनी विद्यार्थीदशेत स्वतः पूर्ण केली होती. उलमन पुढे इस्राएलमधील वाइझमन संस्थेत प्राध्यापक झाले आणि २००८ मध्ये रुमेलहार्ट पारितोषिकाचे मानकरी ठरले. ग्रिमसन यांनी पुढे एमआयटीचे चॅन्सेलरपद भूषवले.

आजार आणि 'व्हिजन'चे लेखन

१९७७-७८ च्या हिवाळ्यात मार यांना ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. दृष्टीवरील ग्रंथ काही वर्षांनी, काम अधिक परिपक्व झाल्यावर लिहावा, असा त्यांचा विचार होता. तो बदलून त्यांनी लेखन तातडीने हाती घेतले. प्रस्तावनेत त्यांनी आजाराचे नाव घेतलेले नाही. डिसेंबर १९७७ मधील काही घटनांमुळे ग्रंथ नियोजित वेळेपूर्वी लिहावा लागला, एवढाच उल्लेख तेथे आहे.

उपचार चालू असतानाही संशोधन थांबले नाही. १९७९ च्या एप्रिलमध्ये मार आणि पोज्जो कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये क्रिक यांच्याकडे राहिले. तेथील चर्चांचा उपयोग ग्रंथाच्या अखेरच्या भागात झाला. शंकेखोर वाचक आणि लेखक यांच्यातील काल्पनिक संवादाच्या रूपाने लिहिलेल्या या भागात मार यांनी आपल्या पद्धतीवरील आक्षेप स्वतःच उपस्थित केले आहेत. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्याजवळ नव्हती, ते त्यांनी तसेच खुले ठेवले.

१९७९ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा 'कम्प्युटर्स अँड थॉट' हा तरुण संशोधकांसाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९८० मध्ये ते एमआयटीत प्राध्यापक झाले. त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले. छापील ग्रंथ पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. त्यांच्या पत्नी लुचिया वाइना यांनीही त्यांच्याबरोबर संशोधन केले होते. मार यांच्या निवडक निबंधांचा संग्रह वाइना यांनी १९९१ मध्ये संपादित केला.

मूल्यमापन

मार यांच्या मांडणीवर पुढील काळात टीकाही झाली. तिन्ही पातळ्यांचा विचार बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे करता येतो, हे त्यांचे मत पॅट्रिशिया चर्चलंड आणि टेरेन्स सेनोस्की यांसारख्या अभ्यासकांना पटले नाही. पेशींच्या रचनेवरूनच अनेकदा योग्य प्रश्न सुचतो, असे त्यांचे म्हणणे होते. अनुमस्तिष्काचा सिद्धान्त जोडणीच्या नकाशातून जन्मला होता. त्यामुळे मार यांचेच पूर्वीचे काम या आक्षेपाला पुष्टी देते. वस्तू ओळखण्यासाठी पूर्ण त्रिमितीय प्रतिमानाची गरज असते का, याविषयीही मतभेद झाले. ओळखीच्या काही बाजूंच्या स्मृतीवरून हे काम होऊ शकते, असे दाखवणाऱ्यांत पोज्जो हेही होते. दृष्टीच्या नियमांचा उगम शिकण्यात कसा आहे, याला 'व्हिजन'मध्ये फारसे स्थान नव्हते. पोज्जो यांनी २०१२ मध्ये पातळ्यांच्या मूळ चौकटीत शिकणे आणि उत्क्रांती यांची भर घालण्याची सूचना केली. २०१२ नंतर प्रतिमा ओळखण्यात आघाडी घेतलेली सखोल शिक्षणाची जाळी तर असे नियम उदाहरणांवरूनच शिकतात.

असे असले तरी मार यांचा मूळ प्रश्न मागे पडलेला नाही. २०१७ मध्ये एरिक जोनास आणि कॉनराड कॉर्डिंग यांनी चेताविज्ञानातील प्रचलित पद्धती एका जुन्या मायक्रोप्रोसेसरवर वापरून पाहिल्या. त्याच्या प्रत्येक भागाची नोंद हाती असूनही तो काय करतो, याचा समाधानकारक उलगडा त्या पद्धतींनी झाला नाही. मुबलक नोंदी म्हणजे आकलन नव्हे, हा मार यांचा इशारा त्यातून नव्याने अधोरेखित झाला. मेंदूतील लक्षावधी पेशींच्या नोंदी जमा होत असताना आणि कृत्रिम जाळी यशस्वी असूनही त्यांचे कार्य उमगत नसताना हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

स्मृती

संगणकीय दृष्टीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्वोत्तम शोधनिबंधाला १९८७ पासून मार पारितोषिक दिले जाते. बोधविज्ञानाच्या संस्थेतर्फे विद्यार्थ्याच्या उत्कृष्ट निबंधाला दिले जाणारे पारितोषिकही त्यांच्याच नावाचे आहे. एमआयटी प्रेसने २०१० मध्ये 'व्हिजन'ची नवी आवृत्ती काढली. तिला उलमन यांची प्रस्तावना आणि पोज्जो यांचा उपसंहार जोडलेला आहे.